उखळीचा सांधा

आपल्या भाषेने खांद्यावर किती ओझी टाकली आहेत, हे माझा स्वतःचा खांदा निखळेपर्यंत मला कळले नव्हते. खांद्याला खांदा लावायचा, दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची, आणि शेवटी चौघांच्या खांद्यावरून निघून जायचे. एवढे सगळे ज्याच्या भरवशावर, तो सांधा मात्र अगदीच डळमळीत! शाळेत आम्हांला त्याचे नाव ‘उखळीचा सांधा’ असे शिकवले होते. मला वाटे, उखळात मुसळ असते तसे ते हाड आत खोल बसलेले असणार. डॉक्टरांनी प्लास्टिकचा नमुना हातात दिला तेव्हा पाहिले, तर उखळ कसली, ती चहाची बशी! आणि तिच्यावर टेकवलेले चांगले मोठे मोसंबे. एका वेळी त्या गोळ्याचा जेमतेम तिसरा हिस्सा बशीला लागतो. बशीच्या काठाला कूर्चेची मऊ कड असते. ती एकदा फाटली, की मोसंबे घरंगळायला निमित्तच हवे असते.

माझी कड फाटली ती 2023 च्या फेब्रुवारीत, चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टै येथे. श्रीपेरुंबुदूर हे रामानुजाचार्यांचे जन्मगाव तिथून जवळच. भाविक मंडळी त्या रस्त्याने देवळाकडे जातात. आमच्यासारखे मात्र अलीकडेच वळतात. पूर्वी मद्रासकडच्या मोटारशर्यती शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर होत. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी बांधलेली ती पट्टी. 1990 साली इरुंगट्टुकोट्टैचा हा खास मार्ग तयार झाला. सुमारे पावणेचार किलोमीटर लांब आणि बारा वळणांचा. शर्यत नसते त्या दिवशी पैसे भरून तिथे आपली फटफटी पळवता येते. समोरून कोणी येत नाही, म्हैस आडवी येत नाही, आणि आरसे तर आधीच काढून ठेवायला लावतात. मागे पाहायचेच नाही!

पडलो तो काही फार वेगात नव्हे. एका उजव्या वळणात पुढचे चाक सटकले, मी घसरलो आणि उजवा हात डोक्यावर गेला तो परत खाली येईना. तिथल्या डॉक्टरांनी सांधा बसवला. मला वाटले, संपले. पण आगगाडीत वरच्या बाकावर ट्रंक चढवताना तो पुन्हा निखळला. तिसऱ्यांदा तर नुसता सदरा काढताना. तेव्हा मात्र सौभाग्यवतींनी मला शस्त्रक्रियेला नेले. ‘मी गेलो’ असे लिहिणे खरे होणार नाही.

या शस्त्रक्रियेला बँकार्ट या इंग्रज सर्जनचे नाव आहे. फाटलेल्या कडेचे हे दुखणे त्यांनी 1923 साली वर्णिले. आता ती दुर्बिणीतून होते. हाडात बारीक खुंट्या ठोकतात आणि दोऱ्याने कड पुन्हा बशीला शिवून टाकतात. 2024 च्या जूनमध्ये माझी शिवण झाली. नंतर सहा आठवडे हात झोळीत. पायजम्याची नाडी एका हाताने बांधता येत नाही, हे ज्ञान मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी झाले. बुटांचे बंद माझी धाकटी कन्या बांधून देई आणि प्रत्येक वेळी विचारी, “घट्ट झालं का हो बाबा?” तिला हा प्रश्न मीच शिकवला होता.

झोळी सुटल्यावर पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही सासुरवाडीला होतो. संध्याकाळी बैलांची खांदेमळणी चालली होती. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळायचे. सासरे वाटी घेऊन गोठ्यातून बाहेर आले, माझ्याकडे पाहून म्हणाले, “या जावईबापू, तुमचाही मळून देतो. तुम्हीही जुवातलेच!” सगळे हसले. मी हसलो, पण त्यांनी खरोखरच हात खांद्यावर ठेवला तेव्हा मी दचकून मागे सरलो. कोणी उजव्या बाजूने जवळ आले, की माझा खांदा आपोआप कानाकडे चढे.

हे नेमके आमच्या व्यायामाच्या बाईंनी पकडले. त्या रोज भिंतीवर बोटे चालवायला लावीत, रबरी पट्टा ओढायला लावीत आणि मागून ओरडत, “खांदा कानापासून खाली! जोर हाताने नाही, पाठीच्या पात्याने!” बाईंनी जन्मात मोटारसायकल चालवली नसेल. पण जुने चालक नवख्यांना निराळे काय सांगतात? हात सैल ठेवा, टाकी गुडघ्यांनी धरा. वेगात उजवीकडे वळायचे तर उजवी मूठ किंचित पुढे ढकलायची असते. ऐकायला उफराटे वाटते, पण दुचाकी तशीच कलते. मूठ आवळून धरली, की ही ढकलगाडी बंद पडते. शिवाय ब्रेक दाबताच सगळे अंग पुढे येते. गुडघ्यांनी धरले नाही, तर तो भार मनगटांतून थेट बशीवर.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी परवानगी दिली. घरच्या परवानगीला एक अट होती. “पुन्हा निखळला तर गाडी विकायची. आणि चार वाजता संपतं ना? संपल्यासंपल्या फोन करायचा.” मी दोन्ही अटी मान्य केल्या.

2025 च्या फेब्रुवारीत मी पुन्हा तिथे उभा होतो. पहिली परीक्षा रस्त्यावर झालीच नाही. चामड्याचा तो अखंड पोशाख चढवताना दुसरी बाही घालायला हात नेमका मागे आणि बाहेर न्यावा लागतो. ज्या दिशेला सांधा निखळतो, तीच दिशा. मी बाहीत अर्धा हात घालून तसाच थांबलो. घाम फुटला. शेवटी एका पोराने मागून बाही धरली.

पहिल्या फेऱ्यांत मी आडव्या आलेल्या म्हशीसारखाच होतो; पोरे डावी-उजवीकडून निघून जात होती. सरळ पट्टीवर वेग दीडशेच्या पुढे गेला, पण ते वळण आले की खांदा कानाशी. मूठ आवळलेली, गाडी वळेना, मी काठाकडे फेकला जाई. तिसऱ्या फेरीत शिरस्त्राणाच्या आत मी मोठ्याने म्हणालो, “खांदा खाली!” अगदी बाईंच्या आवाजात. गुडघे आवळले, बोटे सैल सोडली, वळणाच्या पार टोकाकडे पाहिले आणि मूठ पुढे ढकलली. गाडी कलली. खांद्यात काहीच झाले नाही. दुपारपर्यंत त्या वळणाला मी चाळीसएक वेळा गेलो असेन. प्रत्येक वेळी ओरडावे लागले. माझी जुनी वेळ काही गाठता आली नाही. फेरीमागे नऊ-दहा सेकंद मागे होतो.

संध्याकाळी पोरांबरोबर चहा पिताना गप्पा रंगल्या. फोन पिशवीत होता. तो बाहेर काढला तेव्हा साडेपाच वाजले होते. वाटले, दहा वेळा वाजून गेला असेल. एकदाही वाजला नव्हता. मी घाईघाईने लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

“अगं, विसरलोच. सगळं ठीक आहे. तू तरी करायचा फोन.”

काही वेळ ती बोललीच नाही. मग म्हणाली, “केला असता. पण तुम्ही उचलला नसतात तर?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, अजूनही नाही. गाडी मी विकलेली नाही. पुन्हा गेलो तेव्हा मात्र हातमोजे काढण्याआधी फोन केला. म्हणजे तसा प्रयत्न केला. हातमोज्याने फोन चालत नाही.

परवा फराळाचे मोठे डबे माळ्यावरून काढायची वेळ आली. 2024 च्या दिवाळीत खांद्याचे कारण सांगून मी सुटलो होतो. यंदाही हात चोळीत उभा राहिलो.

“दीडशेच्या वेगाला चालतो ना तो खांदा?” स्वयंपाकघरातून आवाज आला. “मग दहा किलोचा डबाही चालेल. शिडी गॅलरीत आहे.”

मी शिडी आणायला गेलो.