गालिचा कीं फरशी? : कृष्णाकांठच्या दोन घरांची हकीकत

गेल्या मार्गशीर्षांत सातारा व सांगली या दोन्ही गांवीं एकाच कामासाठीं जाण्याचा आम्हांस प्रसंग आला. काम म्हटलें तर क्षुल्लक. साताऱ्याच्या घरच्या माजघरांत व सोप्यांत नवी जमीन कसली करावी, एवढेंच ठरवावयाचें होतें. परंतु एकत्र कुटुंबांत क्षुल्लक असें कांहींच नसतें, हा अनुभव आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस असेलच.

साताऱ्याचें घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं, जुनें, काळ्या दगडाच्या जोत्याचें आहे. सात वर्षांपूर्वीं तेथील झिजलेली शहाबादी काढून आरशासारख्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स बसविल्या. तसा आग्रह धरणारांत आम्हीही होतों, हें येथेंच कबूल केलेलें बरें. या टाइल्स पाणी जवळजवळ मुळींच पीत नाहींत. हाच त्यांचा गुण व हाच दोष. डाग पडत नाहीं खरा, परंतु सांडलेलें चूळभर पाणी तसेंच वर पसरून राहतें आणि त्या चकाकींत तें दिसतही नाहीं. गेल्या श्रावणांत थोरल्या काकू पहाटे न्हाणीघरांतून देवघराकडे येतांना अशाच पाण्यावरून घसरल्या. वय वर्षें ८२. खुब्याचें हाड मोडलें, शस्त्रक्रिया झाली. आतां त्या काठी घेऊन चालतात, परंतु जमिनीची जी धास्ती मनांत बसली ती जात नाहीं. खाटेवरून पाय सोडण्यापूर्वीं त्या खालीं निरखून पाहतात. तुळशीला पाणी घालण्याचें काम त्यांनीं आपण होऊन सुनेकडे दिलें.

पुण्याच्या पुतण्यानें भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा घालण्याची सूचना केली. पाय घसरणार नाहीं, पडल्यास मार कमी लागेल, शिवाय ऊब. सूचना वाईट नव्हती. साताऱ्याच्या पौषांतील पहाटे दगडावर अनवाणी पाय ठेवणें ही काय शिक्षा आहे, तें तेथें राहिलेल्यांसच ठाऊक! सांगलीच्या चुलत बंधूंकडे असा गालिचा पूर्वीं होता. तेव्हां निकाल देण्यापूर्वीं एकदां सांगलीस जाऊन यावें असें ठरलें.

एस. टी.नें उंब्रज, कऱ्हाड असा रस्ता. माहुलीस वेण्णेला घेऊन निघालेली कृष्णा कऱ्हाडास कोयनेला भेटते, आणि सांगलीजवळ हरिपुरास वारणाही तिला मिळते. एवढ्या नद्यांचें पाणी ज्या गांवाच्या दाराशीं येतें, तेथील घरांची जमीन निराळ्या विचारानेंच करावी लागणार. हरिपुरची माती एके काळीं इतकी भरंवशाची कीं तिच्या पोटांत पेवें खणून हळद सांठवीत. परंतु २००५ च्या महापुरानें त्यांतील पुष्कळ पेवें निकामी झालीं. आयर्विन पुलापाशीं पाण्याची धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. ऑगस्ट २०१९ मध्यें पाणी ५७ फुटांच्या वर गेलें.

बंधूंचें घर गांवभागांत. त्या पुरांत पाणी कमरेइतकें घरांत शिरलें आणि आठवडाभर राहिलें. "गालिचा उचलायला आठ माणसं लागली, भाऊजी," वहिनी सांगत होत्या, "आणि तरी उचलेना. शेवटी कोयत्यानं तुकडे करून गाळासकट बाहेर काढला." पूर आला नसता तरी त्याचें सुख फारसें नव्हतेंच, असें त्यांचें म्हणणें. आषाढांत त्यास ओलीचा वास येई. धाकट्या नातवास दम्याची खोड, त्याची रात्र त्या धुळीनें जाई. शीत सांडलें, दूध सांडलें, कीं पुसावयाचें कसें? थंड मुलुखांत, जेथें बंद खोलींत शेगडी पेटवून बसतात, तेथें ही वस्तु शोभते. आपल्याकडे जमिनीवर मूल रांगतें, पंगत बसते, आणि दिवसांतून दोनदां ओलें फडकें फिरतें.

मौज अशी, कीं गालिच्याखालीं जुनी शहाबादी तशीच होती. चार दिवस खराट्यानें धुतल्यावर ती वर निघाली. दोन ठिकाणीं सांधे उघडले, तेवढेंच नुकसान. हा दगड गुलबर्ग्याकडील शहाबादचा, चुन्याच्या जातीचा. खाणींत तो थरांनीं असतो, म्हणून सपाट लाद्या सहज सुटतात. आपला काळा दगड टांकीनें घडवावा लागतो. लिंबू, चिंच, आमसूल यांचे मात्र त्यास वावडें. आंबट सांडलें कीं डाग राहतो. तेवढें सोसावें.

आतां वहिनी फरशीवर सतरंज्याच अंथरतात. जुलै २०२१ मध्यें पुन्हा पाणी चढूं लागलें, तेव्हां अर्ध्या तासांत त्या गुंडाळून माळ्यावर गेल्या. पूर्वीच्या घरांतही जमिनीस चिकटविलेलें असें कांहीं नसे. माणदेशच्या धनगरांची घोंगडी, जाजम, पाट, सर्व काम झालें कीं उचलावयाचें. येरवड्याच्या तुरुंगांत विणलेले गालिचे इंग्रजी अमदानींत नांवाजलेले होते; तेही समारंभापुरते पसरून पुन्हा गुंडाळीत. शेणानें सारविलेल्या जमिनीची आठवण काढून कांहीं मंडळी हळहळतात. ती जमीन पायांस मऊ लागे, यांत शंका नाहीं. परंतु ती सारविणाऱ्या बायांच्या गुडघ्यांस कोणी विचारलें होतें काय?

मग साताऱ्यासही सतरंज्याच घालाव्या, असें आम्हीं म्हणतांच वहिनींनीं हात हालविला. "छे! काकूंच्या वाटेवर तर मुळीच नको. दुमडलेल्या कोपऱ्यात काठी अडकली म्हणजे?" ही गोष्ट आमच्यापैकीं एकाच्याही डोक्यांत आली नव्हती.

साताऱ्यास परतल्यावर सात वर्षांपूर्वींच्या खर्चावरून थोडी बोलाचाली झाली. शेवटीं ठरलें तें असें, कीं काकूंची खाट, न्हाणीघर, देवघर आणि मागील दारची तुळस एवढ्या वाटेवरील टाइल्स काढून बिनपॉलिशची, खडबडीत शहाबादी बसवावी, न्हाणीच्या दाराशीं उतार बाहेरच्या बाजूस ठेवावा, आणि त्या वाटेवर कांहीं अंथरूं नये. सोपा तूर्त जसाचा तसा. घोंगडी काकूंच्या खाटेवर.

गवंड्यानें पहिली ओळ बसविली आणि ती पुरती पक्की झाली, त्या दिवशीं काकू काठी टेकीत आल्या. एक पाय फरशीवर ठेवून त्यांनीं चांचपून पाहिला, पण दुसरा उचलला नाहीं.

"अरे, कोरडी कशी चालेल?" त्या आम्हांस म्हणाल्या. "पाणी ओत तिच्यावर."

आम्हीं तांब्याभर पाणी ओतलें. काकूंनीं दुसरा पाय उचलून पुढें ठेवला.