रंग गेला, पुढे काय?

माझे काका तीस वर्षं इचलकरंजीत कापडाच्या प्रोसेसमध्ये आहेत. लहानपणी सुट्टीत गेले की त्यांची नखं बघून मी ओळखायचे, आज कुठल्या रंगाचं कापड होतं ते. निळी, कधी मरून. सॉलिड मजा वाटायची. मागच्या नाल्याचं पाणीही त्याच रंगाचं असतं, हे जरा उशिरा लक्षात आलं.

परवा कोल्हापुरात एका मैत्रिणीच्या लॅबमध्ये गेले. ती नॅनो फोटोकॅटॅलिस्टवर पीएचडी करतेय. तिनं बीकरभर पाण्यात मेथिलीन ब्लू हा रंग मिसळला, चिमूटभर पांढरी पूड टाकली आणि यूव्ही दिवा लावला. पूड म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. आपल्या सनस्क्रीनमध्ये असतं तेच! प्रकाश पडला की कणातले इलेक्ट्रॉन जागा सोडतात. त्यांच्या रिकाम्या जागा पाण्यापासून हायड्रॉक्सिल रॅडिकल बनवतात आणि ते रंगाचे रेणू तोडत सुटतात. कण जितके बारीक, तितका कामाला पृष्ठभाग जास्त. 1972 मध्ये जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी याच पदार्थावर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन करून दाखवलं होतं.

आमच्या गप्पा संपेपर्यंत निळा रंग गायब! मी काकांना फोन लावणार, तेवढ्यात ती म्हणाली, ‘थांब. रंग गेला म्हणजे पाणी स्वच्छ झालं असं नाही.’ रेणू अर्धवट तुटला तर उरलेले तुकडे दिसत नाहीत, पण असतात. त्यातले काही विषारीही असू शकतात. शिवाय बीकर म्हणजे नाला नव्हे. तिथलं पाणी गढूळ, त्यात मीठ आणि सोडा. प्रकाश आत पोचणार कसा? उन्हात यूव्ही जेमतेम 4-5 टक्के. आणि काम झाल्यावर ती पूड पाण्यातून परत काढायची कशी? म्हणून ती आता काचेवर पुडीचा थर देऊन बघतेय.

रात्री काकांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘अगं, आत्ता रंग दिसतोय म्हणून पोरं त्या पाण्यापासनं लांब तरी राहत्यात. दिसायचाच बंद झाला तर?’

मी तो प्रश्न जसाच्या तसा मैत्रिणीला मेसेज केला. दोन मिनिटांत उत्तर आलं: ‘म्हणून तर रंग गेल्यावर पाण्यात कार्बन किती उरला, तेही मोजते. काकांना लॅबला घेऊन ये.’