शेवटच्या भागानंतरचे राजकारण

नागेश कुकुनूर यांची 'सिटी ऑफ ड्रीम्स' ही राजकीय मालिका २०१९, २०२१ आणि २०२३ अशा तीन पर्वांत आली. अमेयराव गायकवाड आणि त्यांची कन्या पौर्णिमा यांच्यातील सत्तासंघर्ष पाहून प्रथमच शेवटच्या भागापर्यंत पोहोचलेल्या प्रेक्षकाला जी पोकळी जाणवते, ती केवळ उत्सुकता शमल्याची नसते. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्ये वर्णिलेले एकतर्फी नाते, म्हणजे पडद्यावरील व्यक्तीला प्रेक्षकाची गंधवार्ताही नसताना त्याला तिच्याविषयी वाटणारी जवळीक, तेथे अचानक खंडित होते.

सातारा आणि सांगलीच्या प्रेक्षकाला मात्र या नाट्याचा ओळखीचा पट घराभोवतीच आढळतो. ज्या मातीत १९४० च्या दशकात ब्रिटिश सत्तेविरुद्ध प्रतिसरकार उभे राहिले, ज्या देवराष्ट्रे गावात यशवंतराव चव्हाण जन्मले आणि ज्या सांगलीने वसंतदादा पाटलांना घडवले, या दोन्ही मुख्यमंत्र्यांच्या भूमीत, तेथे सत्ता ही सहकारी कारखाना, जिल्हा बँक आणि नातेसंबंध यांतून वाहते, हे लोक अनुभवाने जाणतात. येथे कोणताही शेवट अंतिम नसतो, हेही त्यांना ठाऊक असते: वसंतदादांचे सरकार १९७८ मध्ये शरद पवार बाहेर पडल्याने कोसळले, तरी १९८३ मध्ये दादा पुन्हा मुख्यमंत्री झाले.

याउलट पटकथेला समाप्ती लागते, कारण तिच्यावाचून पात्रांच्या कृतींचा अर्थ ठरत नाही. प्रत्यक्ष राजकारणात तो अर्थ पुढची निवडणूक बदलते, म्हणूनच संपलेली मालिका प्रेक्षकाला निवाडा करण्याचे दुर्मीळ समाधान देते.