कोपरापासून नमस्कार

आमचा लॅब्रॅडॉर बंड्या सात महिन्यांचा असताना झोपून उठला की लंगडायचा. चार पावलं चालला की ठीक. "खेळताना मुरगळलं असेल," म्हणत आम्ही महिना घालवला. सासूबाई पुण्याहून आलेल्या. त्यांच्या हातचा तूप-पोळीचा घास त्याला रोज ठरलेला.

सीटी स्कॅननंतर डॉक्टरांनी समजावलं. कुत्र्याचं कोपर तीन हाडांचं. वाढीच्या वयात ती नीट जुळली नाहीत, तर अल्ना या हाडाच्या छोट्या उंचवट्यावर ताण येतो आणि त्याचा कपचा निघतो. बंड्याच्या दोन्ही कोपरांत तेच झालं होतं. दोन्हीकडे दुखत असल्यानं लंगडणं उठून दिसत नव्हतं, एवढंच.

दोष मुख्यतः आनुवंशिक. पण जास्तीचं वजन त्यात भर घालतं. इथे ब्रिटनमध्ये १९९८ पासून पैदाशीच्या कुत्र्यांच्या कोपरांचे एक्स-रे पाहून ० ते ३ अशी श्रेणी देतात, ० उत्तम. लग्न ठरवताना सात पिढ्या विचारणारे आम्ही, पिल्लू घेताना फक्त त्याचे डोळे पाहिले!

शस्त्रक्रियेत कपचे काढले. संधिवात मात्र जन्माचा सोबती. आता खाणं वजनकाट्यावर मोजून.

गेल्या दिवाळीत सासूबाई चकल्या तळत होत्या. बंड्या दारात लाळ गाळत बसलेला. त्यांनी त्याला गाजराचा तुकडा दिला आणि पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "बाळा, चकलीला आता कोपरापासून नमस्कार!"