दव, धूळ आणि गडद निळी गाडी



इस्रायलमध्ये गाडी घ्यायची तर पांढरी घ्या, हा सल्ला इथे जो तो फुकट देतो. सल्ला खोटा नाही. पांढरी गाडी उन्हात कमी तापते आणि तिच्यावरचे ओरखडे चटकन दिसत नाहीत. आमची गाडी मात्र गडद निळी आहे, सावलीत तर काळीच वाटते. रंग हिने निवडला. “पांढरी नको, दवाखान्याच्या भिंतीसारखी,” एवढं म्हणाली आणि विषय संपला. ही २०२० साली गेली. गाडी आहे. अश्दोदला आमच्या इमारतीखाली छपराची जागा नाही, म्हणून गाडी बारा महिने उघड्यावर, समुद्रापासून पंधरा मिनिटांच्या वाटेवर उभी असते. “सबा, इतक्या जुन्या गाडीत तोंड कसं दिसतं?” असं नातवंडं विचारतात. त्याचं उत्तर इथे लिहीत आहे. मोठ्यांना उपयोग होईल, मुलांना थोडं शास्त्र कळेल.

आधी शत्रू कोण ते पाहू. डिमोनाला आपले पुष्कळ लोक राहतात. तिथे धूळ आमच्यापेक्षा जास्त, पण ती बहुधा कोरडी, वाऱ्याने आली तशी वाऱ्याने बरीचशी जाते. अश्दोदला धुळीला दवाची साथ मिळते. उन्हाळ्यात पाऊस नसतो, पण समुद्राची दमट हवा रात्री थंड झालेल्या पत्र्यावर थेंब थेंब साचते. त्यात दिवसाची धूळ भिजते, आणि सकाळी ऊन लागलं की तिचा चिखल वाळून चिकटतो. वर समुद्राचं मीठ. कोकणात पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, ते वडीलधाऱ्यांना आठवत असेल. बरणीत तांदळाचे दाणे टाकायचे. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. गाडीवरचं मीठही तेच करतं, म्हणून इथली धूळ पुरती कोरडी होतच नाही.

गंमत अशी की याच दवासाठी आपण पेसाहच्या पहिल्या दिवशी प्रार्थना करतो. इसहाकाने याकोबाला आशीर्वाद दिला त्यातही आकाशाचं दव आहे. शेताला, द्राक्षांना ते हवंच. एका माणसाच्या गाडीसाठी देवाने ते थांबवावं असं मागता येत नाही. तेव्हा आपणच पहाटे उठायचं.

मुलांनो, गाडीचा रंग म्हणजे एकच थर नसतो. पत्र्यावर अस्तर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर काचेसारखा पारदर्शक थर. हा वरचा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही बारीक. चकाकी त्याचीच. त्यावर बारीक चरे पडले की ऊन सरळ परत न येता इकडेतिकडे फुटतं आणि कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल नक्षी दिसते. चरे पांढऱ्या गाडीलाही पडतात, काळी गाडी ते लपवत नाही, इतकंच.

म्हणून पहिला नियम: धुळीची गाडी कोरड्या फडक्याने कधीही पुसायची नाही. हा नियम आपल्या लोकांना पटवणं कठीण. मुंबईत रोज सकाळी एक बादली आणि एक फडकं घेऊन आख्ख्या इमारतीच्या गाड्या पुसल्या जायच्या. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचे ड्रायव्हरही ग्राहकाची वाट पाहत बॉनेटवर फडकं फिरवत बसायचे. त्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, पण सवय आपल्या हातात राहिली. जुनी बनियन दिसली की हात बॉनेटकडे जातो. इथली धूळ म्हणजे वाळवंटातली बारीक वाळू. फडक्याखाली ती सापडली की पॉलिश पेपर झाला.

माझी पद्धत अशी. शुक्रवारी सकाळी सहाच्या आत, इमारतीची सावली असताना आणि पत्रा थंड असताना काम सुरू करायचं. आधी झाडांना घालायच्या झारीने वरून खाली नुसतं पाणी सोडायचं, म्हणजे सुटी वाळू वाहून जाते. मग दोन बादल्या. एकीत गाडीचा साबण घातलेलं पाणी, दुसरीत साधं. मऊ फडकं साबणात बुडवायचं, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात फडकं खंगाळायचं, मगच पुन्हा साबणात. वाळू साध्या पाण्याच्या तळाशी बसते, गाडीवर परत जात नाही. छपरापासून खाली यायचं. चाकं सगळ्यात शेवटी, त्यांचं फडकं वेगळं. भांड्यांचा साबण नको, तो मेण काढून टाकतो. शेवटी झारीने धुऊन मायक्रोफायबरच्या स्वच्छ टॉवेलने लगेच टिपून घ्यायचं, घासायचं नाही. पाणी आपोआप वाळू दिलं तर त्यातला चुना मागे राहतो आणि पांढरी वर्तुळं पडतात. किटलीच्या तळाशी बसतो तोच हा चुना. वर्तुळं पडलीच तर पांढरं व्हिनेगर तेवढंच पाणी घालून हलक्या हाताने लावावं आणि लगेच धुवावं.

पाइप सोडून गाडी धुवू नये. किन्नेरेटची पातळी रोज बातम्यांत ऐकण्याचे दिवस आपण पाहिले आहेत. समुद्राचं पाणी गोडं करणारा अश्कलोनचा कारखाना २००५ साली सुरू झाला, नंतर आणखी झाले, तरी प्रत्येक थेंबाला वीज आणि पैसा लागतो. दोन बादल्या आणि दोन-तीन झाऱ्यांत आमची गाडी निघते.

मेण वर्षातून तीनदा: पेसाहच्या आधी, उन्हाळ्याच्या मध्यावर आणि सुक्कोथनंतर पाऊस सुरू होण्यापूर्वी. चांगल्या मेणात ब्राझीलमधल्या कार्नौबा ताडाच्या पानांचं मेण असतं. मेण उरलंय की नाही हे कसं ओळखावं? अळवावरचं पाणी आठवा. थेंब गोल राहून घरंगळला तर मेण आहे. पाणी पसरून बसलं तर संपलं. नातीने अळूचं पान पाहिलेलं नव्हतं. बाजारात मिळालेला अळकुडीचा कंद मी कुंडीत लावला आणि तिला ते दाखवलं. आता ती गाडीवर पाणी शिंपडून “सबा, अळू!” असं ओरडते. तिच्या मराठीतला तो एक शब्द गाडीमुळे आला.

गाडी मळलेली असताना तिच्यावर कापड झाकू नये. वाऱ्याने कापड हलतं, वाळू घासते, आणि आतला दमटपणा अडकून राहतो. फिकसच्या झाडाखालीही उभी करू नये. सावली गार असते, पण फळं पडतात आणि रात्री फळं खाणारी वटवाघळं येतात.

पक्ष्यांची विष्ठा हा सगळ्यात मोठा धोका. तिच्यात आम्ल असतं. गडद पत्रा उन्हात खूप तापतो, वरचा थर नरम होतो आणि डाग आत उतरतो. दिसताक्षणी ओलं फडकं पाच-दहा मिनिटं ठेवून ती उचलून घ्यायची, खरवडायची नाही.

पण दिसताक्षणी म्हणजे शब्बाथला काय? २०२३ च्या ऑगस्टमध्ये सिनेगॉगमधून परत येताना नातवाला बॉनेटवर ताजी घाण दिसली. ऊन असं की डांबर मऊ लागत होतं. त्याला माझा नियम पाठ. तो म्हणाला, “सबा, दहा मिनिटांचं काम आहे, मी वरून पाणी आणतो.” आमच्या घरी शब्बाथला गाडीला हात लावत नाहीत. हिने तो नियम कधी मोडला नाही, गाडी तिच्या आवडीची असूनही. मी म्हटलं, “राहू दे.” तो दुपारभर दोनदा गॅलरीत जाऊन खाली पाहून आला. मीही एकदा पाहिलं, खोटं कशाला सांगू. तीन तारे दिसल्यावर, हवदाला झाल्यावर आम्ही बादली घेऊन उतरलो. घाण निघाली, पण खाली शेकेलच्या नाण्याएवढा फिकट डाग उरला.

पॉलिश करून तो कदाचित जाईल. पण पॉलिश म्हणजे तो पातळ थर आणखी घासणं, आणि तो परत वाढत नाही. मी डाग ठेवला. गाडी पाहायला येणारे विचारतात, तेव्हा नातू माझ्याआधी उत्तर देतो, “तो शब्बाथचा आहे.”

योम किप्पुरला रस्ते रिकामे असतात, मुलं सायकली घेऊन गाडीजवळून जातात, कुणी धुळीत बोटाने नाव लिहितं. त्यांना रागावू नका. दुसऱ्या दिवशी नावावर आधी पाणी सोडा, मग फडकं लावा.

माझे डोळे आता रात्रीच्या रस्त्याला पूर्वीसारखे साथ देत नाहीत. नातवाला लायसन्स मिळालं की किल्ली त्याची. दोन्ही बादल्या आणि झारी त्याला आधीच दिल्या आहेत, आणि गेल्या शुक्रवारी मी खुर्चीत बसलो होतो. त्याने छपरापासून सुरुवात केली. चाकं शेवटी.

सर्वांना शब्बाथ शालोम.