गिटार सोडते तो गांधार

रॉक बँडमधली गिटार बऱ्याचदा गांधार वाजवतच नाही. ॲम्प्लिफायरवर तिचा आवाज मुद्दाम फाटका, करकरीत केला की षड्ज आणि पंचम एवढेच एकत्र स्वच्छ उभे राहतात. त्यांत गांधार मिसळला की सगळं गढूळ होतं. म्हणून वादक तो गाळतात आणि उरलेल्या जोडीला पॉवर कॉर्ड म्हणतात. पण गाण्याचा चेहरा तर गांधारच ठरवतो, शुद्ध असेल तर एक, कोमल असेल तर दुसरा. तो कुठून तरी यायला हवाच. आमच्या बँडमध्ये पुष्कळ गाण्यांत तो माझ्या गळ्यातून येतो.

मी बॅकिंग सिंगर आहे. मुख्य गायकाच्या डाव्या हाताला, चार पावलं मागे, ड्रमच्या झांजांपासून हातभर अंतरावर माझा माईक असतो. दिवसा सॉफ्टवेअरची नोकरी, आणि शनिवार-रविवारी बेंगळुरूचे पब, कंपन्यांचे वार्षिक समारंभ, कॉलेजांची मैदानं. आम्ही जुनं रॉक वाजवतो, स्टोन्स, पिंक फ्लॉइड, ईगल्स, फ्लीटवुड मॅक. दुपारी चारला साऊंडचेक, मग रात्री नऊपर्यंत नुसतं थांबणं, मग दीड तास गाणं.

मी बेळगावची. आमचे आजोबा सीमालढ्याच्या काळात शाहिरांच्या मागे झील धरायचे. कडव्याच्या शेवटी मागच्या तिघा-चौघांनी सूर उचलायचा, शाहिराला दम घेऊ द्यायचा आणि तो परत येईपर्यंत समोरची गर्दी हातातून सुटू द्यायची नाही. अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना’ घरात कुणी म्हणायला लागलं की आजोबा पुढच्या ओळी कधीच म्हणत नसत. ते झिलीची वाट बघत बसत. ‘शाहिराचं तोंड लोकांनी बघावं, आपण त्याची पाठ बघायची,’ असं ते सांगत. खांदे वर गेले की तो लांबची ओळ घेणार, मान खाली गेली की थांबणार. पुढे मी बेळगावातच शास्त्रीय गाणं शिकले आणि तंबोरा घेऊन गुरुजींच्या मागे बसायला लागले, तेव्हाही पाठच बघत होते. मागे बसून गाणं हे आमच्या घरात कमीपणाचं कधीच नव्हतं.

२००३ मध्ये मी बेंगळुरूला इंजिनिअरिंग शिकत होते. ४ एप्रिलला पॅलेस ग्राउंड्सवर रोलिंग स्टोन्स आले. मैत्रिणींनी ओढून नेलं म्हणून गेले, त्यांची दोन-तीनच गाणी तोवर माहीत होती. सगळे मिक जॅगरकडे बघत होते. माझी नजर मागे उभ्या असलेल्या लिसा फिशर आणि बर्नार्ड फाउलर यांच्यावर गेली आणि तिथेच राहिली. जॅगर ओळ अर्धवट सोडून रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला धावायचा आणि ओळीचं शेपूट या दोघांनी अचूक धरलेलं असायचं. हे काम मला ओळखीचं होतं.

लिसा फिशरबद्दल नंतर मिळेल ते वाचलं. १९९१ मध्ये तिचा स्वतःचा अल्बम आला, पुढच्याच वर्षी त्यातल्या गाण्याला ग्रॅमी मिळालं. पुढचा माईक तिच्यासाठी रिकामा होता. तरीही १९८९ मध्ये स्टोन्सच्या मागे उभी राहिलेली ही बाई २०१५ पर्यंत त्यांच्याबरोबर गात राहिली. ‘ट्वेंटी फीट फ्रॉम स्टारडम’ या माहितीपटात ती आहे, मेरी क्लेटन आहे, डार्लीन लव्ह आहे. त्याला २०१४ मध्ये ऑस्कर मिळालं. तो पाहून लोक हळहळतात, की इतके मोठे गळे आणि शेवटी मागेच राहिले. काही जणींवर खरोखर अन्याय झाला, तो सांगायलाच हवा. पण लिसा फिशरची कीव केली की मला राग येतो. तिने काय निवडलं हे ऐकायला कुणी थांबतच नाही.

बेंगळुरूत पाश्चात्त्य गाणं मुरायला कारणं आहेत. कॅन्टोन्मेंट, अँग्लो-इंडियन वस्त्या, चर्चचे गायकवृंद, कॉन्व्हेंट शाळांतले पियानो. सत्तरच्या दशकात ‘ह्यूमन बाँडेज’ हा इथला बँड देशभर वाजत होता आणि त्यात राधा थॉमस गात होत्या. रॉक बँडमध्ये बाई, तेही त्या काळात! आमच्यासारख्यांना रस्ता तिथूनच मोकळा झाला, असं मी मानते.

मला हे काम खऱ्या अर्थाने शिकवलं ते कुक टाऊनच्या एका अँग्लो-इंडियन आँटीनं. लहानपणापासून चर्चमध्ये खालचा सूर, म्हणजे अल्टो, गाणारी बाई. आम्ही दोघी एकाच बँडमध्ये आलो तेव्हा मी तिच्यापेक्षा जास्त शिकलेली आहे असं मला वाटत होतं, आणि पहिल्याच तालमीत तिने माझं निम्मं शिक्षण बाजूला ठेवायला लावलं. ‘पोरी, तो स्वर हलवू नकोस, तिथेच उभा राहू दे.’ माझ्या गळ्यात मींड होती, मुरकी होती, स्वराला आंदोलन देण्याची सवय होती. दोन आवाज मिळून एक व्हायचे असतील तर यातलं काहीच चालत नाही. स्वर सरळ, न हलता लागला पाहिजे. मग तोंडाचा आकार. ‘ऊ’ म्हणताना तिचे ओठ जेवढे गोल, तेवढेच माझे हवेत, नाहीतर सूर जुळूनही आवाज वेगळे पडतात. शब्दाच्या शेवटचा ‘स’ दोघींपैकी एकीनेच म्हणायचा, दोघींनी म्हटला की माईकमधून सापाचा फुत्कार येतो. श्वास आळीपाळीने, एकीने चोरून घ्यायचा तेव्हा दुसरीने स्वर तोलून धरायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला आवाज कुठे तुटलेला कळत नाही. माईकपासून किती लांब राहायचं तेही तीच शिकवायची. साऊंडवाल्याच्या भरवशावर राहू नकोस, आपला आवाज आपण पाऊल मागे घेऊन कमी करायचा, असं तिचं म्हणणं.

गांधाराची गंमत मात्र मी तिला सांगितली. नीट जुळलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की तीतून आपोआप गांधार ऐकू येतो. आम्ही त्याला स्वयंभू गांधार म्हणतो. कीबोर्डवरचा गांधार त्यापेक्षा किंचित चढा असतो, अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या हिश्श्याने. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला तो टोचतो. कीबोर्ड वाजत असला की मला गांधार वर न्यावाच लागतो, त्याला पर्याय नाही. पण एखाद्या गाण्यात कीबोर्ड थांबतो, गिटारचे सा-प तेवढे करकरत राहतात, आणि तिथे मी बेळगावचा, तंबोऱ्याचा गांधार लावते. तो अचूक बसला की गिटारचा फाटका आवाज एकदम भरून येतो, त्यातली घरघर नाहीशी होते. आमचा गिटारवाला पहिल्यांदा हे झालं तेव्हा वाजवता वाजवता मागे वळला. त्याला वाटलं साऊंडवाल्याने काहीतरी केलं. आँटी मात्र हसली. तिच्या चर्चमध्ये बिनावाद्यांचं गाताना तिला हाच गांधार मिळायचा, फक्त त्याला नाव नव्हतं.

याहून अवघड एक गोष्ट होती आणि ती शिकायला मला फार वेळ लागला. रात्री साडेदहाच्या सुमाराला मुख्य गायक थकतो. धूर, गोंगाट, दीड तासाची ओरड, त्याचा सूर केसभर खाली येतो. मागे उभी असलेली मी बरोबर सुरात गात राहिले तर काय होतं? तो बेसुरा ऐकू येतो. माझ्या अचूकपणामुळे त्याची चूक उघडी पडते. म्हणून मला त्याच्याबरोबर खाली यावं लागतं, तो जिथे असेल तिथून माझा स्वर मोजावा लागतो. लहानपणापासून षड्ज म्हणजे देव असं मनावर ठसलेल्या मुलीला ते पाप वाटायचं. आज नाही वाटत. तंबोरा स्थिर असतो, माणूस स्थिर नसतो, आणि मी माणसाची साथ करते आहे. त्याला एकटं न पाडणं हे माझं काम आहे, आणि ते करताना कानाला जेवढं जागं राहावं लागतं तेवढं मला स्वतंत्र मैफलीत कधी राहावं लागलं नाही.

पैशाचं आणि नावाचं मात्र सोपं नाही. क्लेअर टॉरीने जानेवारी १९७३ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत पिंक फ्लॉइडसाठी ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ गायलं. त्यातलं एकही शब्द नसलेलं गायन तिने तिथल्या तिथे रचत नेलं. मिळाले ३० पौंड. तीस वर्षांनी, २००४ मध्ये, ती न्यायालयात गेली आणि पुढच्या वर्षी तडजोड होऊन रिचर्ड राईटबरोबर सहरचनाकार म्हणून तिचं नाव लागलं. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात गायकांना रॉयल्टीचा हक्क आला. पण चित्रपटांपुरतं तिथे असंही म्हटलं आहे, की ज्याचं काम प्रासंगिक स्वरूपाचं आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत येत नाही, त्याला रॉयल्टीसाठी कलाकार धरायचं नाही. म्हणजे नाव द्यायची पद्धत नाही, म्हणून हक्क नाही. मला हे घोर अन्यायाचं वाटतं. एका अल्बमवर माझे आवाज चार-चार थरांत आहेत आणि माझं नाव कुठेच नाही. आता मी रेकॉर्डिंगला उभी राहण्याआधी नाव लेखी मागते, आणि नव्या मुलींनाही तेच सांगते.

पबमधलं गाणं तर केव्हाही बंद पडू शकतं. जिवंत संगीतासाठी पोलिसांचा परवाना हवा, हा २००५ चा आदेश जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला आणि त्यानंतर पुष्कळ मालकांनी माईकच काढून ठेवले. आमची ठरलेली कामं गेली. २०१९ मध्ये इंदिरानगरचं ‘द हमिंग ट्री’ बंद झालं. नोकरी असलेले आम्ही निभावलो. नुसत्या गाण्यावर पोट असलेले काही जण शहर सोडून गेले.

बाबा एकदा बेळगावहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने मुद्दाम आमचा कार्यक्रम ऐकायला आले. कोपऱ्यातल्या टेबलावर लिंबू सोडा घेऊन बसले होते. नातेवाईक नेहमी विचारतात, ‘पुढे कधी गाणार?’ बाबांनी ते विचारलं नाही. टॅक्सीत बसल्यावर म्हणाले, ‘त्या संथ गाण्यात खालचा सूर कोण धरत होतं, तू की त्या बाई?’ म्हटलं, पहिल्या कडव्यात त्या, दुसऱ्यात मी. ‘हां, मला वाटलंच. दुसऱ्यात झील जरा जड पडली.’ सिल्क बोर्ड चौकातल्या गर्दीत अर्धा तास अडकलो होतो, तेवढा वेळ ते त्या एका ओळीबद्दल बोलत होते.

आँटी आता मुलाकडे मेलबर्नला गेली आहे. खालचा सूर माझ्याकडे आला आणि वरच्यासाठी एक केरळची मुलगी आली. कर्नाटक संगीत शिकलेली, गळ्यात गमक इतकं भिनलेलं की तिचाही स्वर जागच्या जागी उभा राहत नाही. सुरुवातीला तिला मी माईक दिलाच नाही. तालमीत मागे खुर्ची टाकून दिली आणि म्हटलं, गाऊ नकोस, मुख्य गायकाचे खांदे बघ. थोड्या दिवसांनी तिने आपणहून सांगितलं, की तिसऱ्या गाण्यात तो दुसऱ्या ओळीआधी श्वास घेत नाही, एका दमात जातो, आणि ताई, तुम्ही तिथे उगाच थांबता. मी पुढच्या खेपेला नीट बघितलं. ती म्हणत होती ते खरं होतं. ती जागा आम्ही बदलली आणि तिला माईक दिला.