दुखणं सायलेन्सरच्या अलीकडचं

साताऱ्यात १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी उभी राहिली आणि तिची 'प्रिया' आमच्या भागात घरोघरी पोचली. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच ऑइल घालायचं, मागे निळा धूर. धूर रोखणारा वेगळा भागच नव्हता, म्हणून तो बिघडायचाही नाही. आज बीएस-६च्या साध्या शंभर सीसी गाडीतही कॅनिस्टर, ऑक्सिजन सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतात. कराडला माझ्या गॅरेजात सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांतल्या गाड्या येतात आणि गिऱ्हाईक उतरता उतरताच सांगतं, "तेवढं कॅटकॉन काढून टाका मिस्त्री, ॲव्हरेज वाढंल."

वाढत नाही. कन्व्हर्टर चोंदला की गाडी ओढत नाही हे खरं, पण तो आपणहून चोंदत नाही. आत बारीक छिद्रांची जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर. अडीचशे-तीनशे अंशांना ती कामाला लागते. गाडी मिसिंग मारत असेल तर न जळलेलं पेट्रोल या जाळीवर येऊन पेटतं आणि जाळीच वितळते. रिंगा झिजून इंजिन ऑइल खात असेल तर ऑइलमधला फॉस्फरस तिच्यावर बसतो. अशा वेळी महागडा नवा कन्व्हर्टर टाकला आणि बोअर-पिस्टनचं काम टाळलं, तर नव्याचीही तीच गत.

कॅनिस्टरचं मरण बहुतेकदा पेट्रोल पंपावर असतं. बीएस-४पासून टाकीतली वाफ हवेत सोडायची नाही, कोळशात धरून ठेवायची आणि इंजिन चालू झालं की ओढून जाळायची, अशी सोय आहे. आपल्याकडे मात्र नोझल एकदा बंद पडलं तरी "अजून बसंल" म्हणून गळ्यापर्यंत भरायची सवय. मग वाफेऐवजी पेट्रोलच कोळशात उतरतं. पेट्रोलचा वास, टाकी भरल्या भरल्या स्टार्टिंगचा त्रास. कार्बोरेटर खोलून काही सापडत नाही, कारण दोष तिथे नसतोच.

ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. पाणी ओसरल्यावर आलेल्या गाड्यांचं ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं. घाईने किक मारलेल्यांचे कनेक्टिंग रॉड वाकले. ज्यांनी धीर धरला त्यांचे प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी आधी बाहेर काढलं. कॅनिस्टर उलटा केला की गाळ पडायचा. असा कोळसा वाळवून वापरणं म्हणजे स्वतःची फसवणूक, बदलायचाच. २०२१च्या पुरात बीएस-६ गाड्याही बुडाल्या. तेव्हा सेन्सर बदलूनही इंजिनचा दिवा जाईना, अशा गाड्या आल्या. कपलर उघडला तर पिनांवर हिरवट गंज. पिना साफ केल्या, दिवा गेला. सेन्सर चांगलाच होता. मी तर आता सेन्सरची ऑर्डर देण्याआधी कपलर उघडून बघतोच.

आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. त्यात आमच्या उसाचाही माल, त्यामुळे नाक मुरडणं बरं दिसत नाही. सेन्सरवाली गाडी ठरावीक मर्यादेत मिक्श्चर सावरून घेते. जुन्या कार्बोरेटरला ते कळत नाही, तो लीन चालतो. त्यात गाडी पावसाळाभर उभी राहिली की इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. अशी टाकी रिकामी करून मगच सेल्फ मारावा.

आणि पीयूसी. दोन हजारनंतरच्या जुन्या फोर-स्ट्रोक दुचाकीला मोकळ्या फेऱ्यांवर साडेतीन टक्के कार्बन मोनॉक्साइडची मुभा आहे. बरं ट्यूनिंग असेल तर ती कन्व्हर्टरशिवायही पास होते. म्हणून तो कागद मी बघत नाही, प्लग काढून बघतो. तपकिरी असेल तर ठीक. काळा-कोरडा असेल तर मिक्श्चर रिच, एअर फिल्टरपासून सुरुवात. तेलकट निघाला तर गिऱ्हाइकाला आधी बोअर-पिस्टनचा खर्च सांगतो, कॅटकॉनचं नंतर बघू.